ओला चंद्र

शिंपल्यातला पांढरा रंग कडेने सुकत आला होता, पण मध्ये अजून ओला—हेस्टरने नखाने टोचून पाहिलं आणि लगेच बोट परकराला पुसलं, जसं काही कुणी बघितलंच. बघणार कोण? बाबा खिडकीशी बसून ताकातली पेज भुरकत होते, आणि त्यांना पेजसुद्धा पिवळीच दिसत असणार. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना सगळं जगच पिवळं दिसे. म्हणून चांदण्याच्या प्रत्येक चित्रात ते निळा ओतत, वर आणखी निळा, आणि समाधानाने म्हणत, आता कसं गार वाटतं. त्यांची दोन चित्रं परत आली होती. आम्स्टरडॅमचा चित्रविक्रेता फेरहूफ तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, चंद्र बुडालेल्या माणसासारखा दिसतो. हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं. म्हातारा माणूस, सांगून काय मिळवायचं?

आज फेरहूफ पुन्हा यायचा होता. आणि काल दुपारी, बाबा जेवून लवंडले असताना, तिने सुरीने त्यांच्या नव्या चित्रातला चंद्र खरवडून काढला होता.

बाबांची अब्रू वाचवायला. असंच तर ठरवलं होतं मी... खरंच? त्या जागी नुसता दुसरा चंद्र रंगवून थांबायचं होतं. पण मग त्याचा उजेड नदीवर यायला हवा, नदीवर आला की डोर्ड्रेख्टच्या धक्क्याला टेकलेल्या होड्यांच्या शिडांवर, मग ओल्या दोरखंडाच्या वळशावर—हात थांबेचना. लहानपणापासून बाबांसाठी रंग घोटले, शिंपल्यांत भरले, कुंचले धुतले. पाण्यात राहून मासा पोहायला शिकला तर नवल काय, असं आई म्हणायची; कौतुकाने नव्हे, काळजीने.

फेरहूफ आला, टोपी काढून चित्रासमोर उभा राहिला आणि हळूहळू जवळ सरकला. हेस्टरचे कान तापले. बोट लावील हा, लावील, आणि बोटाला चंद्र चिकटून येईल...

“बारेंड, लबाडा,” तो शेवटी बाबांना म्हणाला, “इतकी वर्षं हा चंद्र कुठे दडवला होतास?”

बाबा हसले नाहीत. उठून चित्राजवळ गेले, नाक रंगाला लागेल इतके वाकले. ते पाहत नव्हते, वास घेत होते. रंगात घोटलेल्या ताज्या जवसतेलाचा वास त्यांच्यापासून कोण लपवणार? आता बोलतील, हेस्टरला वाटलं. आणि लक्षात आलं की आपल्याला भीती नाही, आशा वाटतेय. बोला ना बाबा. सांगा त्याला.

“सही राहिलीय,” बाबा म्हणाले. “माझा हात आज कापतोय. तूच कर, पोरी.”

“नाव...?”

“या घरातल्या चित्रांवर एकच नाव असतं.”

परत वळताना त्यांचा हात तिच्या खांद्यावर पडला—शाबासकी की ताकीद, हे कळायच्या आत उचललाही गेला.

तिने बारीक कुंचला घेतला. मागे फेरहूफ पुढच्या चित्राचं बोलत होता, अगदी असाच चंद्र हवा म्हणत होता. बाबांच्या नावातलं अक्षर न् अक्षर तिच्या हाताला पाठ होतं. खालच्या कोपऱ्यात ते झरझर उमटत गेलं. आणि मधेच, कुठूनसा, विचार आला—बाबा अजून किती वर्षं जगतील? ती दचकली. जीभ चावली. देवा, माझे बाबा... खिडकीशी पाठमोरे बसलेले माझे बाबा... डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. तरी विचार गेला नाही. आणि उरलेली अक्षरं लिहिता लिहिता ती मनाशी त्या वर्षांचा हिशेब करत राहिली.