झाकणावरचा वरवंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चकती आहे. तपकिरीची डबी समजून हसू नका हं! अंडी उबवायच्या एका पेटीची सारी मदार माझ्यावर होती.

कारागिराने माझ्या पोटात थेंबभर इथर भरलं आणि डाग देऊन मला बंद केलं. पेटी फार तापली की मी फुगे, माझ्यावर टेकलेली दांडी वर जाई, रॉकेलच्या बत्तीवरचं झाकण उघडे आणि जास्तीची ऊब बाहेर पडे. पेटी निवली की मी आकसे, झाकण मिटे. 'पुरे' आणि 'हवं', एवढंच मला बोलता येई.

बहात्तरच्या दुष्काळात श्रीरामपूरच्या प्रभुदास मास्तरांनी ती पेटी शनीच्या शिंगणापुरात रंगुबाईला दिली. तिची जनावरं केव्हाच गेली होती. रोग पडून कोंबड्याही मेल्या. मागे राहिली तीस अंडी. ती उबली नसती तर तिच्या हाती काहीच उरलं नसतं.

गावच्या रीतीप्रमाणे घराला दार नव्हतं. साऱ्या गावात दिवसभर उघडझाप करणारं माझं एकटीचंच झाकण! मला त्याचा भारी तोरा होता.

रंगुबाई खडी फोडायला जाई, तेव्हा तिची सासू भागूबाई पेटीशी बसे. अंडी पेटीत ठेवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी बोचरा वारा सुटला.

"बया! घराला दार न्हाई, आन् ह्ये बी उघडंच पडतंय. पिल्लं गारठतील की!" असं म्हणून भागूबाईने झाकणावर वरवंटा ठेवला. मायेनेच ठेवला.

पुढे ऊन चढलं. मी फुगले, होता नव्हता तेवढा जोर लावला, पण दांडी हलेना. अंड्यांतून चिवचिव येत होती. ती एकेक करून थांबली. मी सारं ऐकत होते, मित्रांनो. फार वाईट वाटलं.

दिवस कलताना रंगुबाई आली. पेटीला हात लावताच तिने वरवंटा फेकून दिला. "आत्याबाई, ह्ये काय केलं वो!"

सातच पिल्लं निघाली.

मास्तर आले, पण रागावले नाहीत. "आजी, तापात घाम सुटला की गोधडीचं काय करता?"

"लाथाडते की."

"अंगाला कळतं, आता पुरे. तसंच या चकतीला कळतं. तुम्ही तिला दाबून धरलंत."

भागूबाईने तोंडाला पदर लावला. "म्याच मारली की वो मास्तर, ह्या हातानं."

पुढच्या हिवाळ्यात त्या सातांचीच वीस अंडी पेटीत ठेवली. भागूबाई एकवीस दिवस जागची हलली नाही. झाकणावर तिने माशीसुद्धा बसू दिली नाही. "बोल बाई, तुला जवा पुरं वाटंल तवा बोल," असं ती मला म्हणे. अठरा पिल्लं निघाली, तेव्हा म्हातारी माझ्यासमोर बसून रडली.

मग गावात वीज आली, भागूबाई गेली, पेटीची फळकुटं झाली. मी आता फळीवर पडून आहे.

मित्रांनो, कोणी 'पुरे' म्हणत असेल, तर मायेनेही त्याच्यावर ओझं ठेवू नका. माझ्या अंगावर सध्या मिठाची बरणी आहे. तेवढी कोणी उचलली, तर दुपारच्या उन्हात मी अजूनही फुगेन.