‘इंदूर निवास’ची परात

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते. मी एक जुनी पितळी परात आहे. ताट नव्हे, थाळी नव्हे, परात! भरलेली असले तर मला उचलायला दोन माणसं लागतात. समुद्रकाठच्या शेवरे गावात ‘इंदूर निवास’ नावाची एक खानावळ आहे, मागे पाहुण्यांना उतरायला चार खोल्या आहेत. तिथे सकाळी आलेला माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग मालकिणीकडे. हा गर्व नाही, रोजचा अनुभव आहे.

पण माझा जन्म समुद्राकाठचा नाही. इंदूरच्या मल्हारगंजात एका बोळात मालोजी तांबटाचं दुकान होतं. त्याने मला ठोकून घडवलं आणि आतून अशी कल्हई केली की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. एक बाई मुलीच्या लग्नात द्यायला परात बघत होत्या. मालोजीने मला उलटं करून टिचकी मारली. मी खणखणीत वाजले.

“बाईजी, ही तुमच्या पोरीच्या पोरीला पण चालेल,” तो म्हणाला. “गारंटी!”

ती पोरगी म्हणजे जया. तिचा नवरा कचरू कापडगिरणीत मागावर होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत जयाने गिरणीच्या फाटकासमोर पोह्यांची हातगाडी लावली आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. इंदूरचे पोहे कसे असतात, माहीत आहे ना? ते चुलीवर परतत नाहीत. खाली पातेल्यात पाणी खळखळतं, वर मी बसते आणि माझ्यात पोह्यांचा पिवळाधमक ढीग वाफेवर मऊ राहतो. वरून बडीशेपेचा वास, मग शेव, जिरावणाचा मसाला, लिंबू.

रोज पहाटे कचरू डोळे चोळत उठे आणि पहिलं वाक्य बोले, “जया, पानी चढव.” पाणी चढलं की मी चढायची. मी तापेपर्यंत गिरणीचा भोंगा होई आणि पाळीची माणसं गाडीभोवती गोळा होत. “जयाभाभी, शेव जरा दिल खोल के!” असं कोणी ओरडलं की जया डाव उगारून म्हणे, “भिया, दिल मोठा आहे, पण शेवेचा डबा छोटा आहे!” सगळे हसत. त्या दिवसांत मला वाटे, हा भोंगा माझ्यासाठीच वाजतो.

मग तो वाजायचा थांबला. तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती की देशाची दारं उघडली, आता बाहेरच्या कंपन्या येणार. पानाच्या ठेल्यावर परदेशी सरबताच्या बाटल्या दिसू लागल्या. आमच्या गिरणीचं फाटक मात्र बंद झालं. पाळीच नाही, तर फाटकावर पोहे खाणार कोण? कचरू पहाटे उठे, पण भिंतीकडे बघत बसे. पाणी चढव म्हणणं त्याने सोडलं. जयाला गिरणी बंद पडल्याचं जेवढं दुःख होतं, त्याहून हे वाक्य बंद पडल्याचं जास्त होतं. मला ठाऊक आहे, कारण तेव्हा ती मला घासताना रडायची.

कचरूचे आजोबा मूळ कोकणातले. पलटणीबरोबर महूला आले आणि इकडचेच होऊन गेले. शेवऱ्याला त्यांच्या वाटणीची नारळाची लहानशी वाडी होती आणि तिच्यात कचरूच्या चुलतभावाने बांधलेलं कौलारू घर. चुलतभाऊ मुंबईला राही. त्याने निरोप धाडला, घर रिकामंच आहे, येऊन राहा. जयाने कधी समुद्र पाहिला नव्हता. तरी ती म्हणाली, “चला. समुद्र बघायला लोक येतातच ना? आपण त्यांना पोहे खिलवू.”

“आणि नाही चाललं तर?” कचरूने विचारलं.

“नाही चाललं तर परतू. तेव्हा तुम्ही म्हणाल ते.”

अशी मी मे महिन्याच्या शेवटी समुद्राकाठी आले. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? एवढं पाणी, आणि खाली जाळ कोणीच कसा लावत नाही!

तिथे आमच्या माणसांनी एक मोठी चूक केली. ती इंदूरवालाच करू शकतो. आमच्याकडे, मित्रांनो, पावसाळा म्हणजे फिरायचा मोसम. पातालपाणीच्या धबधब्यावर पाय ठेवायला जागा नसते, सिमरोलकडच्या डोंगरांत भुट्टे भाजत माणसं भिजत बसतात. जयाला वाटलं, जिथे धबधब्याला एवढी गर्दी, तिथे अख्ख्या समुद्राला किती असेल! तिने घराला चुना लावला, कचरूने पाटी रंगवली, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि ऐन जूनमध्ये खानावळ उघडली. किनाऱ्यावरच्या दोन्ही खानावळी तेव्हा बंद होत होत्या. ते बघून ती कचरूला म्हणाली, “बघा, नसीब! सगळं गिऱ्हाईक आपलंच!”

शेजारच्या द्वारकाबाई मासळी सुकवायच्या. त्या कंबरेवर हात ठेवून पाटीकडे बघत राहिल्या.

“काय गो बाय, पावसात खानावळ उघडतेस? आता होड्या वर काढल्या. दर्या पिसाळला. हितं आता कुत्रंसुद्धा यायचं नाय.”

“बरसातीत तर खरी मजा येते, मावशी!” जया म्हणाली.

द्वारकाबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. आमचं नाव पडलं, ‘पावसात उघडणारे इंदूरवाले’.

आणि खरंच कोणी आलं नाही. होड्या माडाच्या झापांखाली निजल्या. समुद्र दिवसरात्र गुरगुरत होता. वाऱ्याने पाटी दोनदा उडाली. शेव सादळून मऊ पडली आणि इंदुरी माणसाला शेव सादळण्याइतकं दुःख दुसरं नाही. जया तरीही रोज थोडे पोहे करी. आम्ही तिघं आणि छोटी संबोधी, म्हणजे यांची मुलगी, तेच खात असू. मी खात नव्हते, पण माझ्यातूनच खात होते, म्हणून मी स्वतःला धरते.

श्रावण लागला तसा कचरू बोलला. इंदूरजवळ पिथमपूरला एका कारखान्यात पहारेकऱ्याची जागा होती. परतायचं ठरलं. जाण्याआधी तालुक्याला नेऊन मला मोडीत घालायची, असंही ठरलं.

“पितळेचं आता काय करणार?” तो खाली बघत म्हणाला. “कारखान्याच्या फाटकावर गाड्या नाही लावू देत.”

जया भांडली नाही. तिने शब्द दिला होता. तिने मला चिंच लावून घासलं, कोरडं पुसलं आणि कचरूने गिरणीत विणलेल्या चादरीत बांधलं. गाठ तिने दोनदा आवळली. मित्रांनो, मी विस्तवाला कधी घाबरले नाही, पण त्या गाठीला घाबरले. मोडीत गेलेली परात वितळते. मग तिचा नळ होतो, कडी होते, काहीही होतं. परात मात्र राहत नाही.

कचरू मला डोक्यावर पालथं घेऊन एसटीच्या थांब्यावर निघाला. पाऊस माझ्या पाठीवर ताशा वाजवत होता. बस आली, गच्च भरलेली. कचरू पायरीवर पाय ठेवणार, तोच पुढून एक माणूस हात हलवत धावत आला. पुढचा साकव पाण्याखाली गेला होता. बस मागे फिरावी, तर मागच्या ओढ्यालाही पूर आला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, तापाने फणफणलेलं एक पोर, सगळे मध्येच अडकले. पाणी ओसरायला दुसरा दिवस उजाडणार होता.

कंडक्टर गोपीनाथ छत्री धरून खाली उतरला. “अहो, इथे खायला काही मिळेल का? लोक पहाटेपासून उपाशी आहेत.”

“ह्या दिवसांत कोण उघडं ठेवतंय?” कोणीतरी म्हणालं.

तेव्हा कुडाच्या आडोशाला उभ्या असलेल्या द्वारकाबाई पुढे आल्या. ह्या वेळी त्या हसत नव्हत्या. “आमच्या इंदूरवाल्या बायचं उघडं हाय,” त्या म्हणाल्या. “किनाऱ्यावर तेवढं एकच उघडं हाय.”

कचरू जागच्या जागी उभा होता. माझ्या काठावरून पाणी त्याच्या खांद्यावर गळत होतं. मग तो वळला आणि चिखलातून असा पळत सुटला की मला वाटलं, आता दोघंही आपटणार. अंगणात शिरता शिरताच तो ओरडला, गिरणीच्या दिवसांत ओरडायचा तस्सा.

“जया, पानी चढव! जया!”

ती दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाठ सुटेना तेव्हा तिने ती दातांनी सोडली.

काय सांगू त्या दिवसाबद्दल! पडवीत, खोल्यांत, ओट्यावर माणसंच माणसं. कोरडी लाकडं होती, पोह्यांचं पोतं होतं, कारण जयाने पावसाळी गर्दीसाठीच तर सगळं भरून ठेवलं होतं. मी भरत होते, रिकामी होत होते, पुन्हा भरत होते. फक्त शेव नव्हती. जया हात चोळत म्हणाली, “शेवेशिवाय कसे देऊ? लोक काय म्हणतील?” द्वारकाबाई घरी गेल्या आणि नारळ खवून घेऊन आल्या. इंदूरच्या पोह्यांवर नारळ! मल्हारगंजात कळलं असतं तर मालोजीने मला ओळख दाखवली नसती. मी रुसलेच होते. पण ते तापातलं पोर दोन घास खाऊन आईला म्हणालं, “अजून.” मग माझा रुसवा कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. बस निघाली आणि कचरू तिच्यात बसला नाही. गोपीनाथने त्या मार्गावरच्या थांब्याथांब्यावर सांगितलं, पावसात शेवऱ्याला अडलात तर इंदूरवाल्यांकडे जा. तेव्हापासून एसटीची माणसं, दीपगृहाचे कर्मचारी, आजाऱ्याला घेऊन निघालेली गावकरी मंडळी, सगळी आमच्याकडे थांबू लागली. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या त्या सकाळी नाखव्यांनी पोहे खाऊनच वल्ही हातात घेतली. अर्ध्यांना नारळ हवा, अर्ध्यांना शेव. मी दोन्ही बाजू सांभाळल्या.

आता तर बारा महिने गजबज असते. गणपतीला चाकरमानी येतात. थंडीत पांढरे कुरव पक्षी किनाऱ्यावर उतरतात आणि त्यांच्यापाठोपाठ नाताळच्या सुट्टीतले इंदूरवाले. दोघांचा कलकलाट सारखाच. मग पाहुणे होडीतून खाडीपलीकडचा किल्ला बघायला जातात. फाल्गुनाच्या सुमाराला वाळूतून कासवाची पिल्लं निघतात, ती बघायला लोक भल्या पहाटे उठतात आणि थंडीने कुडकुडत माझ्याकडे येतात. शिमग्याला पालखी अंगणात नाचते. मे महिन्यात आंबे, फणस, कोकमं. कोकमं माझ्यात ठेवत नाहीत हं, आंबट पितळेला चालत नाही. आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात हल्ली शहरातली माणसं मुद्दाम समुद्र बघायला येतात. म्हणजे जया चुकली नव्हती. जरा लवकर आली होती, इतकंच!

मात्र मलाही वाईट दिवस आले. संबोधी मोठी झाली, खानावळ बघू लागली. पोरगी हुशार आहे. तिने विजेवर चालणारं स्टीलचं भांडं आणलं. पोहे त्यात गेले आणि मी दारात. माझ्यात पाणी भरून तिने वर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. पाहुणे माझे फोटो काढत. माझी कल्हई उडाली, बुडाशी हिरवे डाग पडले. जिच्यावर इतकी वर्षं वाफ खेळली, तिच्यात डास अंडी घालू लागले. आतापर्यंत मी ताठ मानेने बोलले, पण हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं.

एका सकाळी कचरू काठी टेकत दारात आला. आता तो फार थकला आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, ही परात आहे की गुलदस्ता?”

“बाबा, गेस्टना आवडतं,” संबोधी म्हणाली. “आणि तिची कल्हई गेलीय. पोहे खराब होतील तिच्यात.”

कचरूने फुलं काढली. पाणी अंगणातल्या मोगऱ्याला घातलं. आतून तीच जुनी चादर आणली आणि मला बांधलं. तोच थांबा, तीच तालुक्याची एसटी. ह्या वेळी साकवाच्या जागी पक्का पूल होता, बस कुठेच अडली नाही. मी म्हटलं, संपलं. आता मला वाचवायला पूरसुद्धा नाही.

तालुक्याला त्याने चादर सोडली. समोर भट्टी होती. कचरू म्हाताऱ्या दुकानदाराला म्हणाला, “कल्हई करायची आहे. सांभाळून हं. माझ्या बायकोच्या आईने दिलेली आहे.”

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, दाराआड एखादी जुनी वस्तू पडली असेल. तिला मोडीत घालू नका आणि नुसती शोभेलाही ठेवू नका. तिला घासा, पुसा, तिची कल्हई वेळच्या वेळी करा आणि एकदा तरी तिच्या कामाला तिला लावून बघा. आमच्यासारख्यांना आराम नको असतो, काम हवं असतं.

त्या संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा कचरूला धाप लागली होती. जया पडवीत बसली होती, संबोधी दारात उभी होती. संबोधीनेच पुढे होऊन चादर सोडली. माझ्या लखलखीत तळाशी तिला स्वतःचा चेहरा दिसला, कधीकाळी मालोजीला मिशा दिसल्या होत्या तसा. कचरू काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण ह्या वेळी पोरीने त्याला बोलू दिलं नाही.

“आई,” ती म्हणाली, “पानी चढव.”