जोड चुकलेली शिंगे

मित्रांनो, खुंटीवरून मला खाली काढण्याआधी माझे थोडे ऐकून घ्या. मी एक जुने धनुष्य आहे. दोरी नसली की मी उलटा वळून बसतो, आणि नवखे लोक मला पाहून हसतात. "हे कसलं धनुष्य, ही तर टोपलीची मूठ!" असे म्हणतात. हसू द्या. बायेझिद पेठेतल्या धनुष्यकारांच्या गल्लीत मला ओळखणारे अजून दोन-चार जण आहेत. ते हसत नाहीत. ते उंबऱ्याबाहेरूनच विचारतात, "आज कुठे पाहतंय?"

तुम्हाला वाटत असेल, धनुष्य म्हणजे एक वाकवलेली काठी. तसे नाही. माझ्यात चार मेलेले जीव आहेत. मधे मेपलचे लाकूड, पोटाला रेड्याचे शिंग, पाठीवर बैलाच्या पायातल्या शिरा कुटून काढलेले तंतू, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा माशाचा सरस. जिवंतपणी यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती. त्यांना एका वेळी, एकाच बाजूला वाकायला राजी करायचे, हेच धनुष्यकाराचे काम. शाकिर उस्ता, म्हणजे आमचे उस्ताद कारागीर, ते काम चाळीस वर्षे करत होते आणि त्यांच्या हातचे धनुष्य कधी कोणावर उलटले नव्हते.

आमच्यात एक नियम फार कडक आहे. धनुष्याच्या दोन हातांना लावायची दोन शिंगे एकाच जनावराच्या डोक्यावरची हवीत. एकत्र वाढलेली शिंगे एकत्र वाकतात. परक्या जनावरांची शिंगे शेजारी आणली, तर ती आयुष्यभर आपापल्या वाटेने ओढत राहतात.

ज्या शरदात माझी शिंगे पोत्यातून बाहेर आली, त्या शरदात उस्तांच्या डोळ्यांवर पांढरट पडदा उतरू लागला होता. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. मुलीलाही नाही. शिंगे विकणारा घाईत होता आणि उस्तांनी जोडी डोळ्यांजवळ धरून मान डोलावली. त्यांची मुलगी पाकिझे मात्र दोन्ही शिंगांवरून अंगठा फिरवत राहिली.

"बाबा, ही जोडी नाहीये. हे एक गार लागतंय."

"थंडीत शिंग गार नाही तर काय पोळणार? जा, कॉफी टाक."

"नुसतं गार नाही हो. ओलं गार. विहिरीत हात घातल्यासारखं."

"पोरी, मी शिंगं निवडायला लागलो तेव्हा तू पाळण्यातही नव्हतीस."

पाकिझे कॉफी टाकायला गेली. तिचेच बरोबर होते. एक शिंग चरून चरून म्हाताऱ्या झालेल्या रेड्याचे होते. दुसऱ्या शिंगाचा रेडा दलदलीत बुडून मेला होता. मला हे कोणी सांगितलेले नाही. तो माझ्यातच आहे. त्याच्या डोक्यावरचे दुसरे शिंग कोणाच्या पोत्यातून कुठे गेले, ते मात्र त्यालाही ठाऊक नाही.

हिवाळ्यात उस्तांनी दात असलेल्या पटाशीने शिंगांवर आणि लाकडावर बारीक रेघा ओढल्या, सरस पाजला आणि आम्हाला दोरखंडाने आवळून बांधले. वसंतात पाठीवर शिरांचे तंतू चढले. मग माझी दोन्ही टोके उलटी ओढून एकमेकांना बांधली आणि मला वर्षभर वाळायला कपाटात ठेवले. कपाट कोरडे ठणठणीत होते. तरी माझ्या खालच्या हातातून पाण्याचा आवाज यायचा. चिखलातून पाय ओढून काढताना येतो ना, तसा. वरचा हात गप्प असायचा. त्याला भीती वाटत असावी, आणि खरे सांगतो, मलाही वाटायची.

मला बनवले होते बेहचेतसाठी. त्याचे पाकिझेशी लग्न ठरले होते. हिदिरेल्लेझच्या, म्हणजे वसंताच्या सणाला बाणांचे मैदान उघडते. त्या दिवशी तो जाणत्यांसमोर बाण मारून तिरंदाज म्हणून मान मिळवणार होता, आणि तोही सासऱ्याच्या हातच्या धनुष्याने. गल्लीभर हीच चर्चा होती.

सणाला चार दिवस उरले तेव्हा माझा तोल साधायला सुरुवात झाली. शेगडीवर मला ऊब दिली, दोन्ही हातांना लाकडी साचे बांधले आणि पहिल्यांदा दोरी चढवली. आता दोरी दोन्ही हातांच्या बरोबर मधोमध जायला हवी. ती खालच्या हातावर एका अंगाला सरकली. उस्तांनी बोटांनी चाचपले, पुन्हा ऊब दिली, गुडघ्यावर दाबून पिळा काढला, वरच्या हातावर कानस फिरवली. मी सरळ झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे खालचे टोक दाराकडे वळलेले होते आणि त्याच्यावर दव होते. खोलीत दुसऱ्या कशावरही दव नव्हते.

उस्तांनी मला पुन्हा सरळ केले आणि रागाने दुसऱ्या भिंतीवर उलटे टांगले. तिसऱ्या सकाळी तेच टोक खोली ओलांडून पुन्हा दाराकडे पाहत होते. पाकिझेने ते आधी पाहिले आणि फडक्याने पटकन पुसले.

उस्तांनी मला उजेडात धरले. दोरीकडे पाहिले, म्हणजे जिथे दोरी असायला हवी तिथे पाहिले. मग अगदी सहज विचारल्यासारखे म्हणाले, "सरळ आहे ना गं?"

त्या एका प्रश्नात पाकिझेला सगळे कळले. ज्याला दोरी दिसत नाही, त्याचे कामाचे बाक गल्लीतले जाणते दुसऱ्याला देतात, हे तिला माहीत होते. बाक गेले असते तर उस्ता पुढच्या हिवाळ्यापर्यंतही टिकले नसते. आणि खोटे बोलले तर बेहचेतच्या तोंडासमोर पूर्ण ताणात माझा हात निखळणार होता. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी दाराकडे.

"सरळ आहे, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, तिला दोष देऊ नका. तिच्या जागी तुम्हीही कदाचित तेच म्हणाला असता.

सणाच्या सकाळी बेहचेत आला, नवा अंगरखा घालून, अंगठ्यात दोरी ओढायची अंगठी मिरवत. त्याने मला हातात घेतले आणि त्याचा चेहरा जरा उतरला.

"उस्ता, हे फार गार लागतंय. आणि हे टोक... सरळ आहे ना?"

"मला काय विचारतोस? हिला विचार. हिचे डोळे तरुण आहेत."

बेहचेत पाकिझेकडे वळला. "सांग बाई. माझं नाक आता तुझ्या शब्दावर आहे."

पाकिझेने तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. शेगडीतला निखारा तडतडला. बेहचेत थट्टेत म्हणाला, "लग्नाआधीच बोलणं बंद?" पण त्यालाही हसू आले नाही. उस्ता मान तिरकी करून ती शांतता ऐकत होते. ज्यांना दिसत नाही, त्यांना गप्प बसणे फार मोठ्याने ऐकू येते.

"आण इकडे," उस्ता म्हणाले. "पहिला पूर्ण ताण बनवणाऱ्याचा. आपली रीतच आहे ती."

त्यांनी दोरी ओढली. मी वाकू लागलो. दोरी हनुवटीशी आली तेव्हा माझ्यातला म्हातारा रेडा थांबला आणि बुडालेला निघाला. तो दाराकडे निघाला, सगळी ताकद लावून निघाला. खालच्या हाताचे शिंग लाकडापासून टच्‌ आवाज करून सुटू लागले. उस्तांच्या गालावर गार वाफ आली आणि कुठेतरी खोल, चिखलात, कोणीतरी हंबरले. ते त्या तिघांनीही ऐकले.

"बाबा, वाकलंय!" पाकिझे ओरडली. "पहिल्यापासून वाकलंय! मी खोटं बोलले! सोडू नका, हळूहळू परत आणा, हळू!"

बाण नसताना ताणलेली दोरी एकदम सोडली, तर धनुष्याच्या ठिकऱ्या उडतात. उस्तांचे हात म्हातारे होते, पण कारागिराचे होते. वीतभर, बोटभर, तसूभर असे करत त्यांनी मला परत आणले आणि दोरी उतरवली. मग ते बाकावर बसले.

"दोन जनावरं आहेत ही. तू सांगितलं होतंस. मला दिसत नाही, पोरी. दोन वर्षं होत आली."

बेहचेत घाम पुसत म्हणाला, "अहो, मला लग्नात एकाच डोळ्यानं बायको बघावी लागली असती."

"आणि सासरा बघायचा राहिला असता," उस्ता म्हणाले. "तोटा काहीच नव्हता." मग ते रडले. पाकिझेही रडली.

बेहचेत त्या वर्षी मैदानात उतरला नाही. जाणत्यांनी कुरकुर केली, पण बाक उचलले नाही. त्यावर पाकिझे बसू लागली आणि शेजारी उस्ता तिच्या बोटांना शिकवू लागले. दोन वर्षांनी बेहचेतने मान मिळवला, तो त्या दोघांनी अंगठ्याने पारखलेल्या जोडीच्या धनुष्याने.

मला दोरी पुन्हा कधी लागली नाही. मी या खुंटीवर आलो. रोज सकाळी उस्ता आत येत, बाकाशी बसत आणि विचारत, "कुठे पाहतंय?"

"दाराकडेच, बाबा."

"पाहू दे. जोड हरवलीय त्याची."

असे अकरा वर्षे चालले. मग एका थंडीत उस्ता गेले. त्यांना पुरून आल्यावर तीन दिवस दुकान बंद होते. चौथ्या सकाळी पाकिझेने दार उघडले आणि ती उंबऱ्यातच थबकली. माझ्या टोकावर दव होते, पण टोक दाराकडे नव्हते. ते रिकाम्या बाकाकडे वळलेले होते. तिने दव पुसले नाही. नेहमीच्याच आवाजात, कोणीतरी विचारल्यासारखे, ती म्हणाली, "तुमच्याकडे, बाबा."

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला ताणू नका. थंडीत शेगडीची थोडी ऊब मिळू द्या, कारण बुडालेल्याला अजून फार गार वाटते. तुमच्या घरात कोणी डोळे बारीक करून "सरळ आहे ना?" असे विचारले, तर त्याला पहिल्याच दिवशी खरे सांगा, आणि त्याचा हात हातात घेऊन सांगा. जाताना मात्र एकदा वळून बघा, आणि मी कुठे पाहतोय ते मोठ्याने सांगून जा. बाकावर अजून कोणीतरी ते ऐकायला थांबलेले असते.