झेल्योच्या मेंढवाड्यावरची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. रोदोपी नावाच्या डोंगररांगेत स्टामेनाबाई दरवर्षी मला भाजक्या मिरच्यांच्या चटणीने भरायची. सुखात होते. मग एका वसंतात जनावरांची डॉक्टरीण रुमेना आली, तिने माझ्या पोटात स्पिरिट ओतलं आणि मला मेंढवाड्याच्या खांबाला टांगलं.

पट्टेरी पायांचा एक परका, मोठा गोचीड डोंगर चढत होता. तो कुठवर पोचलाय हे कळावं म्हणून तिने सगळ्यांना बरण्या दिल्या होत्या. शिकाऱ्याने सशावरचे गोचीड टाकायचे, मांजरवाल्या म्हातारीने मांजराचे, स्टामेनाच्या नवऱ्याने, झेल्योने, मेंढ्यांचे.

"चिमट्याने काढा, काका. चिरडू नका. त्याच्या रक्तात जीवघेणा ताप असतो."

"माणसाला प्यायला मिळेना आणि गोचिडांना दारू!" झेल्यो हसला.

माणूस लाखमोलाचा, पण अब्रूला फार जपायचा. मेंढीवर मोठा गोचीड दिसणं म्हणजे तिथे मेंढपाळाची नाचक्की. लोकर कातरायला शेजारी जमले की, कुणी बघायच्या आत तो अंगठ्याच्या नखाखाली फोडायचा, ही बापजाद्यांची रीत.

"अहो, बरणीत टाका ना," त्या वर्षीच्या कातरणीला स्टामेना कुजबुजली.

"म्हणजे गावभर बोभाटा, झेल्योच्या मेंढ्या गोचिडांनी भरल्यात! गप गं."

अंगठ्याला कात्री लागलेली, तरी पट्टेरी तेवढे त्याने चिरडले. माझ्यात पडले ते कुत्र्याच्या कानातले दोन बारके. मला वाचा असती तर किंचाळले असते हो!

रुमेनाने मला उजेडात धरलं. "शाब्बास काका, तुमच्याकडे पट्टेरी नाही." शिकाऱ्याच्या बरणीत तो निघाला होता, म्हणून गोचीड मारायच्या औषधाची गाडी तिकडे गेली. आमच्याकडे आलीच नाही.

आठवड्याच्या आत झेल्यो तापाने फणफणला. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. इस्पितळात नेताना म्हणाला, "स्टामेना, डॉक्टरणीला खरं सांग. शेजाऱ्यांची पोरं मेंढ्यांत खेळतात." तो घरी परतला नाही.

माती देऊन आल्यावर स्टामेनाने हातमोजे घातले, चिमटा घेतला आणि सगळ्यांच्या देखत मला गळ्यापर्यंत भरलं.

"बघा, आमच्या मेंढ्यांवर आहेत," ती म्हणाली. "आता तुमच्या दाखवा."

मग एकजण आपली मेंढी ओढत पुढे आला.

मित्रांनो, गोचीड दिसला तर लाजू नका, लपवू नका, नखाने तर मुळीच फोडू नका. तुम्ही जे टाकता तेवढंच बरणीला सांगता येतं. झेल्योने माझ्यात खरं टाकलं असतं, तर तो आज मेंढ्या कातरत असता.