सासऱ्यांच्या गाडीचा पंखा

गाडी तिच्या सासऱ्यांची. ते गेल्यावर नवऱ्याने ती पार नटबोल्टापर्यंत सोडवून पुन्हा नव्याने जुळवायला घेतली. इंजिन जागेवर बसतंय न बसतंय तोच त्याला परदेशातल्या नोकरीचं बोलावणं आलं. राहिला होता फक्त रेडिएटरमागचा पंखा. मूळचा गंजून मोडला होता, आणि मिळेल तो आणून ठोकून द्यायचा, हे त्याच्या रक्तात नव्हतं.

"तू अस्सल पंखा शोधून ठेव, मी येऊन बसवतो," जाताना तो म्हणाला. तेव्हा ती थट्टाच होती. पुढे मात्र सुट्टीचा विषय निघाला की तो विचारायचा, "पंखा मिळाला?"

"नाही अजून."

"मग येऊन काय करू? बॉनेट उघडून आत टकामका बघत बसू?"

हसून म्हणायचा, पण यायचा नाही. थट्टेची अट कधी झाली, ते दोघांनाही कळलं नाही.

"माझा अख्खा संसार त्या सवतीच्या शेजारी गेला," सासूबाई गॅरेजकडे बोट दाखवून म्हणायच्या. "आता तू भोग."

लेकीला कडेवर घेऊन ती जुन्या बाजारातली भंगाराची दुकानं पालथी घालू लागली. नवरा फोनवरून शिकवायचा. खऱ्या पंख्याची पाती सारख्या अंतरावर नसतात. दोन जवळ, दोन लांब, दाबलेल्या फुलीसारखी, म्हणजे पंखा एकाच सुरात भुणभुणत नाही. पाती मधल्या पत्र्याला रिव्हेट मारून बसवलेली असतात. नकली माल वेल्डिंगचा. आणि एका पात्याच्या मुळाशी ठोकलेला नंबर असतो, वर रंगाचे कितीही थर चढोत, बोटाला लागतोच.

हळूहळू तिचं बोट तयार झालं.

"ताई, पंखा घेताय की त्याची नाडी बघताय?" भंगारवाला चिडवायचा.

"नाडीच बघतेय. तुमच्या दुकानात सगळे पेशंट गेलेले आहेत."

दिसेल त्या पंख्याचा फोटो ती नवऱ्याला पाठवायची, आणि तो अर्ध्या फोटोवरून निकाल लावायचा, "छे, हा ट्रॅक्टरचा." लग्नाआधी याच माणसाने तिला तासन्‌तास फोनवर जेवलीस का, झोपलीस का, विचारलं होतं. आता पात्यांचा कोन विचारायचा. पण पंख्याचा फोटो गेला की त्याचा फोन लगेच येई. म्हणून बाद ठरणार हे ठाऊक असलेल्या पंख्यांचेही फोटो ती पाठवायची, अगदी निर्लज्जपणे.

मग एका संध्याकाळी फोनच्या पडद्यावर तो असतानाच लेक भिंत सोडून उभी राहिली आणि तिने पहिलं पाऊल टाकलं. नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. सुटलं तोवर पोरगी धपकन खाली बसलेली.

"चाल ना गं पुन्हा," तो म्हणत राहिला. "माझ्यासाठी, एकदाच." ती कसली ऐकतेय. तिने चप्पल चावायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने काळाकुळकुळीत पंखा पुढे केला. "हाच तुमचा, ताई! डोळे मिटून घेऊन जा."

तिने खरंच डोळे मिटून बोट फिरवलं. नंबर नाही. मधोमध वेल्डिंगचे ओघळ. पाती अगदी सारख्या अंतरावर. नकली, शंभर टक्के नकली. पण तिरका धरला तर दोन पाती जवळ आल्यासारखी दिसत होती, आणि जिथे नंबर हवा तिथे तिचा अंगठा छान मावत होता.

तिने पंखा घेतला.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये उभं राहून तिने नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "हा बघ," म्हणत तिने पंखा तिरका धरला.

तो पुढे झुकला. "जरा सरळ धर."

एवढ्यानेच तिचं अवसान गळालं. त्याच्याशी खोटं बोलायला तिला कधी जमलंच नव्हतं. तिने पंखा सरळ केला, अंगठाही काढला. वेल्डिंगचे ओघळ, कोरं पातं, सारखं अंतर, सगळं त्याच्यासमोर उघडं पडलं. आता तो म्हणणार, छे. ती वाट बघत राहिली.

तो बराच वेळ बघत होता. त्याच्या मागून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"हाच," तो म्हणाला.

"काय हाच?"

"हाच पंखा. अस्सल."

"अरे, नीट बघ. नंबर नाहीये. पातीसुद्धा..."

"बघितलं गं. बाबांच्या शेजारी स्टुलावर चढून तो पंखा पुसत आलोय मी. मला शिकवू नकोस." त्याने खाकरून घेतलं. "सुट्टीचा अर्ज आजच टाकतो."

पदराने नाक पुसायचं, तर हातात पंखा.

"आणि पुढेमागे खरा सापडला तर?" तिने शेवटी विचारलं.

"तर दोघं जाऊ बघायला. तू बोट फिरव, मी पिशवी धरून उभा राहतो."