आनंदाबाईची वेळ

सिहोऱ्याच्या इश्वरभाऊंच्या धानगिरणीत एकटं कोणी येतच नसे. दिवाळीनंतर नवं धान घरात आलं की बायाबापड्या टोळीनं पोती घेऊन यायच्या, ओट्यावर ठाण मांडायच्या आणि आपला नंबर लागेपर्यंत साऱ्या तालुक्याची उणीदुणी काढायच्या. इश्वरभाऊंची लेक दामिनी हिला हे वेळेचं वाटोळं बघवत नसे. ती नागपूरला शिकून आली होती आणि तिला नोकरी नको होती, गिरणीच हवी होती.

इश्वरभाऊंनी एकदाच सांगून टाकलं, "हा हंगाम तू चालवून दाखव. जमलं तं गिरणी तुही. नाही जमलं तं भाड्यानं देऊन टाकतो, मंग कुरकुर नाही कराची."

दामिनीनं हर्षा नावाच्या मैत्रिणीकडून गिरणीचं अ‍ॅप बनवून घेतलं. घरबसल्या वेळ निवडायची, त्या वेळेला यायचं, तांदूळ घेऊन जायचं. ताटकळणं नाही. ओट्यावरचे बाकही तिनं मागच्या शेडमध्ये टाकले. आता बसायचं होतं कोणाला? बघायला सारं गाव लोटलं. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, आणि नव्याचे नऊ दिवस सरताच सगळ्यांची पोती तुमसर रोडवरच्या दुसऱ्या गिरणीत जाऊ लागली. तिथं ना अ‍ॅप ना पंखा, नुसती चेंगराचेंगरी.

दामिनी माशा मारत बसली. लोकांना मोबाईल जमत नसेल म्हणून घरोघरी शिकवायला गेली, तर बाया तिलाच नवनवे व्हिडिओ दाखवू लागल्या. मग घोडं पेंड खात होतं कुठं? गिरणी भाड्यानं मागणारा माणूस एकदा येऊन चहा पिऊन गेला.

शेवटी तिनं मंगलाबाईंना भर रस्त्यात गाठलं. मंगलाबाई म्हणजे तिच्या लहानपणापासूनचं हक्काचं गिऱ्हाईक. त्यांच्या ऑटोत पोती होती आणि ऑटोचं तोंड दुसऱ्या गिरणीकडं.

"मावशी, काहून असं? माह्या गिरणीत काय कमी आहे?"

मंगलाबाई ओशाळल्या. "कमी काही नाही वं पोरी. मी तं नंबर लावाले बसली होती. तुह्या मोबाईलनं विचारलं, कोनती वेळ पायजे? मी म्हटलं, माह्या मैतरणीची, आनंदाबाईची. तं तिथं ते लिवाले जागाच नाही! माही सकाळची, तिची दुपारची. एकटी येऊन का करू मी? माह्या लेकीचं, तृप्तीचं लग्न तुमच्याच ओट्यावर जमलं. धानाचं का आहे, ते घरी पडून राहिलं तरी चालते."

दामिनीनं कपाळावर हात मारला, आणि मग तिला असं हसू फुटलं की ऑटोवालाही हसायला लागला. बाया ज्यासाठी येत होत्या, नेमकं तेच तिनं मोठ्या हौसेनं काढून टाकलं होतं.

तिथूनच तिनं हर्षाला फोन लावला. "वेळ मंग विचार. पहिले विचार, कोनासंग याचं आहे. आन कोन कधी येऊन राहिलं, ते सगळ्याइले दिसू दे." बाक तिनं स्वतः ओढून ओट्यावर आणले, आणखी काही मागवले.

पुढच्या आठवड्यात ओटा असा भरला की चहावाला कैलाश किटली घेऊन तिथंच मुक्कामाला आला. आनंदाबाई सोमवारी येणार हे दिसलं की अर्धी गल्ली सोमवारात घुसायची, आणि जिच्याशी अबोला तिचं नाव दिसलं की मुकाट्यानं मंगळवार धरायची. अ‍ॅपचा हा उपयोग हर्षाच्या स्वप्नातही आला नव्हता. टोळीचं धान एकदमच येई, त्यामुळे गिरणीला थांबायला उसंत नव्हती.

अशाच एका भरल्या दिवशी इश्वरभाऊ खांद्यावर पोतं घेऊन आले आणि गर्दीतून वाट काढत लेकीसमोर उभे राहिले.

"घरचं धान आहे. नंबर लाव."

"बाबा, मालकाले कायचा नंबर?"

"मालक तू. मी गिऱ्हाईक," ते म्हणाले आणि पोतं सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवलं.

दामिनीचे डोळे भरून आले. तिनं यादीच्या शेवटी बापाचं नाव टाकलं. मंगलाबाईंनी सरकून जागा केली, आणि इश्वरभाऊ जन्मात पहिल्यांदा गिरणीच्या ओट्यावर नंबराची वाट बघत बसले.