बटाट्याला कुठला कॅन्सर?

धाकटीच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जंतूमहाराजांनी तिच्या आजारी वडिलांच्या, नानांच्या, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब वाटीतल्या ‘जिवंत पाण्यात’ सोडला, आणि पाणी फसफसून वर आलं!

“पाहिलंत? पोटातलेच जंतू हे, मंत्राने जागे केलेले! रक्ताचा कॅन्सर कसा मटकावताहेत! मागच्या खेपेपेक्षा फेस निम्मा, म्हणजे आजार निम्मा!”

“धाकटीने महाराजांना आणलं म्हणून वाचलो,” नाना गहिवरले. “आता केमोचा डोस नकोच.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दर डोसला हॉस्पिटलात नेणार ती, ओकारीचं भांडं धरणार ती, आणि कौतुक धाकटीचं! लहानपणापासून हेच. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, पण त्या क्षणी विज्ञान कुठलं आठवायला? नुसता जळफळाट.

“माझंही रक्त बघा की! माझी काही किंमत आहे की नाही?” पर्समधली पिन टोचून तिने थेंब टाकलासुद्धा.

फेस! नानांपेक्षा जास्त.

महाराज चपापले, पण लगेच सावरले. “अरेरे! ताई, तुम्हालाही लागण!”

धाकटी किंचाळली. थोरली मात्र वाटीकडे बघतच राहिली. ही फसफस तिने शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली होती. ती तडक स्वयंपाकघरात गेली, कच्च्या बटाट्याची फोड आणली आणि वाटीत टाकली. पुन्हा फेस.

“महाराज, बटाट्याला कुठला कॅन्सर झालाय?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“हे जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. रक्त लागलं की यातून ऑक्सिजन सुटतो, तोच हा फेस. कच्च्या बटाट्यानेही होतो. दर खेपेला साधं पाणी वाढवलं की फेस आपोआप कमी!”

“पण पोटातल्या जंतूंचा संबंध असतो, असं डॉक्टरच म्हणाले होते ना?” धाकटी रडकुंडीला आली.

“असेल ना! आतड्यातल्या जीवाणूंचा या आजाराशी, उपचारांशी काय संबंध, ते शास्त्रज्ञ शोधताहेत. पण शोध चालू आहे म्हणजे औषध सापडलं असं नव्हे. डोस बंद करा, असं कुठला डॉक्टर म्हणाला?”

एव्हाना महाराज पसार झाले होते. थोरली जमलेल्यांना म्हणाली, “चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी प्रश्न विचारा. आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

नाना हुंदके देणाऱ्या धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवत होते. “तुझं मन चांगलं होतं गं, पोरी.”

थोरली पुन्हा जळली. जळू दे मेलं!

“लाड तिचेच करा, नाना. पण उद्या डोसला माझ्याबरोबर यायचं.”

नाना खाली मान घालून म्हणाले, “येतो.”